कोडीला मी ‘थांब’ म्हणाले

इथे बॉथेलमध्ये, आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत गेली सोळा वर्षं मला एकच प्रश्न विचारला जातोय. प्रसादाच्या रांगेत कागदी ताटली घेऊन उभा असलेला कुणीतरी नवीन मुलगा म्हणतो, "काकू, तुम्ही बेसबॉलमध्ये आहात म्हणे. म्हणजे नक्की काय करता?" मी म्हणते, आकडेमोड. तो म्हणतो, "ड्रीम जॉब आहे यार!" आणि पुढच्या डब्याकडे सरकतो. त्याला मसालेभात हवा असतो, माझी कहाणी नको असते. माझेही पाय दुखत असतात, त्यामुळे मला ते बरंच वाटतं.

यंदा मे महिन्यात मी काम सोडलं आणि मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादक मुक्तानं लगेच गाठलं. "वैशालीताई, आता लिहाच. काहीतरी प्रेरणादायी." बाई गं, प्रेरणादायी माझ्याकडे काही नाही. थकवा आहे, तो लिहू का? ज्या बेसबॉल क्लबकडे होते त्याचं नाव लिहिणार नाही, निघताना तशी सही करून दिलीय. क्लब आपल्या राज्यातला नाही, एवढं सांगते. श्रीकांतची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, नोकरी इथे, म्हणून मी घरी जेवणाच्या टेबलावर बसून काम करायची आणि महिन्यातून एकदा विमानानं जाऊन तोंड दाखवून यायची. पुढचे सगळे संवाद इंग्रजीत झालेले आहेत, मी ते माझ्या मराठीत लिहितेय.

आणि एक कबुली आधीच देऊन टाकते. मला बेसबॉल कधी आवडला नाही. मी अमरावतीच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकले, इथे येऊन पुढचं शिकले, आणि ज्यांनी आधी नोकरी दिली त्यांच्याकडे चिकटले. त्यांनी औषधांच्या ट्रायलवर बसवलं असतं तर तेही केलं असतं.

काम असं होतं. मोठ्या क्लबच्या हाताखाली चार-पाच छोटे संघ असतात. अठरा-एकोणीस वर्षांची पोरं तिथून एकेक पायरी चढत वर येतात. म्हणजे, यावीत अशी अपेक्षा असते. बहुतेक येत नाहीत. त्यातल्या प्रत्येक बॅटरला मी एक आकडा द्यायची. आज तो कसा खेळतो याचा नाही, तर आणखी पाच-सहा वर्षांनी क्लबला त्याचा किती उपयोग होईल याचा. सरळमार्गी मुलांचं गणित सोपं असतं. माझ्या टेबलावर यायची ती लहरी मुलं. चाळीस दिवस असा खेळेल की कोच त्याच्या आईला फोन करून अभिनंदन करेल, आणि पुढचे चाळीस दिवस बॅटची आणि चेंडूची गाठच पडणार नाही. त्यात हा खेळ असा तऱ्हेवाईक, की दहातल्या सात वेळा बाद होणारा माणूसही इथे उत्तम समजला जातो. मग वाईट कुणाला म्हणायचं? आणि किती दिवसांनी म्हणायचं?

तर मी काय बघायची? मारलेला चेंडू कुठे पडला यात निम्मं नशीब असतं, ते सोडून द्यायचं. तो बॅटवरून किती जोरात निघाला, हे त्या मुलाचं स्वतःचं. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे बाहेरून जाणारा चेंडू तो सोडतो का. ताकद विशीपर्यंत सगळ्यांना येते. सोडून देण्याची अक्कल काहींना कधीच येत नाही, आणि लहरी मुलं बहुतेक तिथेच अडकतात.

आता यातली गोम सांगते. लहरी मुलगा क्लबला सरळमार्गी मुलापेक्षा जास्त हवासा असतो. आंब्याची दहा कलमं लावलीत, पाणी जवळजवळ फुकट आहे, आणि दहातलं एक लागलं तरी तुमचं भागणार आहे, तर तुम्ही काय कराल? बेताची पण नेमानं फळं देणारी झाडं निवडणार नाही. लागलं तर मोडून पडेल इतकं लागेल, अशी विचित्र झाडं निवडाल आणि वाट बघाल. छोट्या संघात एक पोरगं सांभाळायला क्लबला फारसं काही पडत नाही. ते ठरावीक वर्षं दुसऱ्या क्लबकडे जाऊही शकत नाही. त्यामुळे लहरी मुलाच्या बाबतीत क्लबचं उत्तर नेहमी एकच, ठेवा. हे गणित आमच्या ऑफिसात पहिल्यांदा मी नीट मांडलं. त्याबद्दल पाठ थोपटून घेतली. अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू.

या गणितावर एकच माणूस नाक मुरडायचा. डेल. डेल आमच्या क्लबचा या भागातला टेहळ्या, म्हणजे गावोगाव शाळांचे सामने बघत हिंडायचं आणि चांगली पोरं हेरायची. वय तेव्हाच साठीच्या पुढे. तोंडात सतत सूर्यफुलाच्या बिया. मला तो ‘प्रोफेसर’ म्हणायचा, आणि त्यात आदर नव्हता. एकदा एका मुलाची चार आठवडे पार वाट लागली होती. मी रिपोर्ट लिहिला, याची नजर आणि प्रतिसाद मंदावलाय, आकडा खाली आणा. डेल दोन दिवस त्याच्या मागे बसून आला आणि मला फोन केला, "प्रोफेसर, पोरगा एकाच बाजूनं चावतोय. त्याची अक्कलदाढ काढा." दाढ काढली. पोरगा पुन्हा मारायला लागला. त्यानंतर मी डेलला दिवाळीत शंकरपाळे पाठवायला सुरुवात केली आणि आमची दोस्ती झाली.

कोडी हा डेलनं शोधलेला मुलगा. आपल्याच राज्यात, डोंगरापलीकडच्या कोरड्या भागातला. गव्हाची शेतं, धूळ आणि खाली काळा दगड, आपल्या अमरावतीकडे असतो तसाच. कोडीचे वडील विहिरी खोदायचे, म्हणजे बोअर मारायचे. स्वतःची रिग, म्हणजे बोअर मारायची गाडी होती, दारावर घराण्याचं नाव रंगवलेलं. कोडी अठराव्या वर्षी क्लबमध्ये आला तेव्हा त्याच्या बॅटवरून चेंडू इतक्या जोरात निघायचा की यंत्र बिघडलं असेल म्हणून आम्ही तपासून घेतलं. यंत्र ठीक होतं. मी त्याला असा आकडा दिला की डायरेक्टरनं मला विचारलं, "तुझी खात्री आहे ना?"

खात्री कसली, बाप्पा! पहिल्या वर्षी जून-जुलैत त्यानं धुमाकूळ घातला आणि ऑगस्टमध्ये झोपला. दुसऱ्या वर्षी तेच. तिसऱ्या वर्षी उलटं, आधी झोपला आणि मग उठला. मी त्याचे हजारो चेंडू एकेक करून बघितले असतील. बाहेरचा चेंडू आला की त्याचे हात सुटायचेच. हिवाळ्यात तो घरी जाऊन वडिलांच्या हाताखाली बोअर मारायचा आणि मार्चमध्ये खांदे आणखी रुंद करून परत यायचा. हात मात्र तसेच सुटायचे. चौथ्या वर्षाच्या शेवटी माझ्या हिशेबात तो घसरला. मोठ्या संघात तो टिकेल ही शक्यता जवळजवळ संपली होती. पण ‘जवळजवळ’ या शब्दावरच आमचं सगळं गणित उभं होतं. त्याला ठेवण्यात क्लबचं काही जात नव्हतं, म्हणून त्याची ओळ माझ्या यादीत पिवळी झाली, लाल नाही. पिवळी म्हणजे ठेवा. ती ओळ क्लबसाठी पिवळी होती. त्या मुलासाठी तिचा रंग कोणता, असा रकाना आमच्या यादीत नव्हता. तो मी कधी केला नाही, आणि कुणी मागितलाही नाही.

आता आमच्या घरचं सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. त्या वर्षी आम्हाला ग्रीन कार्डच्या रांगेत अकरावं वर्ष होतं. हा अंक वाचणाऱ्यांना मी ती रांग काय समजावणार! दर महिन्याला सरकारी तक्ता यायचा, श्रीकांत फोन उघडायचा आणि मी कणीक मळता मळता विचारायची, "सरकली का तारीख?" तो म्हणायचा, "दोन आठवडे." कधी म्हणायचा, "मागे गेली." त्याला नोकरीचा अक्षरशः वीट आला होता, पण नोकरी बदलायची म्हणजे कागदांची पुन्हा कटकट, म्हणून बदलली नाही. पुण्यातला त्याचा भाऊ म्हणायचा, परत या, सोबत धंदा करू. आम्ही म्हणायचो, इतकी वर्षं थांबलो आणि आता सोडायचं? आमच्या ओळखीतलं प्रत्येक घर तसंच होतं. शनिवारी चार कुटुंबं जेवायला जमली की चारही कुटुंबं रांगेतली. थांबणं हा आमच्यात गुणच होऊन बसला होता. रांग सोडून गेलेल्या एका जोडप्याबद्दल आम्ही मेल्या माणसाबद्दल बोलावं तसं हळू आवाजात बोलायचो.

अशा घरातून निघून मी त्या मार्चमध्ये ॲरिझोनाच्या सराव शिबिराला गेले. दरवर्षी आठवडाभर जायची, बॅटर मुलांना त्यांचे तक्ते समजावून द्यायला. एक-दोन प्रश्न विचारून सगळी पळायची. कोडी मागे थांबला. टोपी काढून हातात धरली. बावीस वर्षांचा होता, मान उन्हानं लाल झालेली.

"मॅम, तुम्हाला एक विचारू? बाबांची कंबर गेलीय. शेजारच्या गावातला एकजण रिग विकत घ्यायला तयार आहे. बाबा म्हणतात, तू घरी येणार असशील तर विकत नाही, तुझ्यासाठी ठेवतो. मला या महिन्यात सांगायचंय."

मी म्हणाले, "तुझे आकडे मी तुला सांगू शकत नाही. तसा नियम आहे."

"आकडे नकोत. तुम्ही माझ्याकडे चार वर्षं बघताय. थांबू की जाऊ, एवढंच सांगा."

मी त्याला म्हणू शकले असते, की याचं उत्तर माझ्याकडे मागू नकोस. म्हणू शकले असते, घरी जा बाळा. नियमात राहूनही, नुसतं मान खाली घालून गप्प राहिले असते तरी त्याला कळलं असतं, गावाकडचा मुलगा होता, चेहरे वाचायचा. मी काय म्हणाले? मी म्हणाले, "आणखी एक वर्ष थांब. इतकी वर्षं दिलीस, आता सोडू नकोस." अगदी मायेनं म्हणाले. खांद्यावर हात ठेवून म्हणाले. क्लबला वाचवायचं वगैरे माझ्या डोक्यात नव्हतं. माझ्या तोंडून आमच्या स्वयंपाकघरातलं वाक्य निघालं, बस.

मी इतकी शिकलेली बाई, आणि एवढं साधं मला दिसलं नाही. आमची रांग कितीही संथ असली तरी रांग होती. उभं राहिलं की पुढे सरकायची. कोडी कुठल्या रांगेत नव्हताच. तिथे उभं राहिलं तर फक्त वय वाढत होतं.

तो "थँक यू, मॅम" म्हणाला आणि गेला. त्या आठवड्यात त्याच्या वडिलांनी रिग विकली. हे मला डेलकडून खूप नंतर कळलं.

पुढे तीन वर्षं कोडी वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला. पंचविसाव्या वर्षी एका सकाळी त्याला ऑफिसात बोलावून पाच मिनिटांत मोकळं केलं. त्याची ओळ यादीतून गेली. त्या दिवशी मी काय केलं ते आठवत नाही. बहुधा पुढची ओळ उघडली असेल. त्याच्या दोन वर्षं आधीच आमचं कार्ड आलं होतं. चार कुटुंबांना बोलावून मी श्रीखंड केलं होतं, आणि सगळे म्हणाले होते, बघा, थांबल्याचं सार्थक झालं.

या जूनमध्ये डेलचा फोन आला. तोही निवृत्त झालाय, डोंगरापलीकडे चार एकर जागेत एकटाच राहतो. त्याची जुनी विहीर आटली होती. म्हणाला, "प्रोफेसर, गुरुवारी नवीन बोअर मारायला येतायत. कोडी आहे गाडीवर. यायचं तर ये." मी म्हटलं, मी येऊन काय करू? तो म्हणाला, "ते मला काय माहीत!" श्रीकांत म्हणाला, "जाऊ नकोस, उगाच जखमेवरची खपली काढशील." मी गेले. तीन तास ड्राइव्ह करून गेले, आणि घाट उतरेपर्यंत दोनदा गाडी परत वळवावीशी वाटली.

रिग मी लांबूनच ओळखली. दारावर हिरवा रंग फासलेला होता, पण खालची जुनी अक्षरं उन्हात उठून दिसत होती. कोडीचंच आडनाव. मालक आता दुसरा, तो दूर ऑफिसात. कोडी रोजावर. मला बघून त्यानं हातमोजे काढले, "मॅम!" म्हणाला आणि खरंच हसला. एकोणतीस वर्षांचा असेल, दाढीत धूळ.

जेवायच्या सुट्टीत आम्ही तिघं पिकअपच्या मागच्या फळीवर बसलो. शंकरपाळ्यांचा डबा मध्ये. मग कोडी म्हणाला, "आता तुम्ही क्लबमध्ये नाही ना? त्या वर्षी माझा आकडा काय होता?"

डेल आपल्या बुटांकडे बघत बसला. सही-बिही गेली चुलीत, मनात म्हटलं, आणि सांगितलं. "त्याच्या आधीच खाली आला होता. तू वर टिकण्याची शक्यता जवळजवळ संपली होती."

"तुम्हाला तेव्हा माहीत होतं?"

"हो."

"मग ‘थांब’ का म्हणालात?"

मी खरं ते सांगितलं. आमची रांग सांगितली, तक्ता सांगितला, तारीख सांगितली. "आमच्या घरी सगळेच थांबलेले होते, कोडी. दुसरं काही सांगता येतं हे मला सुचलंच नाही. माझं चुकलं."

तो एक शंकरपाळं चावत राहिला. मग म्हणाला, "मी बाबांना सांगितलं होतं, आकडे बघणारी बाई थांब म्हणतेय. ते म्हणाले, मग तिला माहीत असेल." आणखी एक उचलून म्हणाला, "आता ही गाडी घरासमोरून गेली की ते खिडकीजवळून उठून आत जातात." आणि मग त्यानं विचारलं, "तुमचं कार्ड मिळालं का शेवटी?"

"मिळालं."

"बरं झालं," तो म्हणाला. टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला सोसला असता.

दुपारी पुन्हा मशीन सुरू झालं. कानठळ्या बसवणारा आवाज आणि भोकातून उडणारी राखाडी भुकटी. कोडी दर थोड्या वेळानं ती चाळणीत घेऊन बोटांनी चोळून बघायचा. कोरडी. मग पुन्हा कोरडी. पाणी लागो न लागो, बोअरचा हिशेब फुटावर असतो. खोल जाल तितकं खोदणाऱ्याचं भलं आणि घरवाल्याचं मरण. डेल पेन्शनवर जगणारा माणूस. तो खुर्चीत बसून भोकात उतरणारा प्रत्येक नवा दांडा मोजत होता. मध्येच म्हणाला, "इतकं खाली आलोय, आता सोडवत नाही."

चारच्या सुमाराला मालकाचा फोन आला. कोडी बाजूला गेला, पण मशीनच्या आवाजामुळे त्याला फोन स्पीकरवर टाकावा लागला, म्हणून मालकाचं ओरडणं आम्हालाही ऐकू आलं. मालक म्हणत होता, म्हातारा नको म्हणत नाही तोवर आणखी दीडशे फूट जा. कोडी "हो, ऐकलं" म्हणाला. फोन खिशात टाकला. रिगपाशी जाऊन त्यानं पुन्हा भुकटी चाळली, बोटांनी चोळली, आणि इंजिन बंद केलं.

एवढ्या आवाजानंतरची ती शांतता सोसवत नव्हती. तो डेलसमोर येऊन उकिडवा बसला, डोळ्याला डोळा भिडवून म्हणाला, "डेल, मला इथे पाणी दिसत नाही. थांबूया. वरच्या बाजूला दुसरी जागा बघू, नाहीतर टँकरनं टाकी भरून घ्या. पण इथे आणखी पैसे घालू नका."

डेलनं विचारलं, "खात्री आहे तुझी?"

"नाही," कोडी म्हणाला. "दहा फुटांवरही असेल. मला जेवढं दिसतंय तेवढं सांगतोय."

"आणि तुझा मालक?"

"मालक ओरडेल," कोडी म्हणाला, आणि दांडे काढायला उठला.

एवढंच तर मी त्याला त्या मार्चमध्ये सांगायला हवं होतं. खात्री नसताना, नोकरीत असताना, दोन वाक्यांत सांगता येतं हे. मी डबा तिथेच ठेवून माझ्या गाडीत जाऊन बसले, काचा वर केल्या आणि खूप रडले.